वाढत्या अंगाचा प्रोसेसर

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा एकच माणूस आहे, असं आमच्या घराण्याचं मत आहे. तो माझा आतेभाऊ. सदाशिव पेठेत राहतो, एका पतसंस्थेत वसुली बघतो, आणि त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं याचा पुरावा एवढाच, की मी तिसरीत असताना त्याच्या घरी कॉम्प्युटर आला होता. ज्याच्याकडे वस्तू आधी आली त्याला ती कळते, हा आमच्याकडचा न्याय. त्या न्यायाने आमच्यात सगळ्यात आधी फ्रीज घेणारी माझी मावशी आज शास्त्रज्ञ असायला हवी होती. ती अजून फ्रीजमध्ये गरम भाजी ठेवते.

मे महिन्याच्या सुट्टीत मला आठ-दहा दिवस आत्याकडे धाडलं जायचं. तो कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ होता. खुर्ची एकच, तिच्यावर भाऊ. मी मागे कॉटच्या कोपऱ्यावर. आत्या चिवड्याची वाटी आणून माझ्या हातात द्यायची, कारण त्याचे हात कामात असायचे. तो मधेच हात मागे करायचा, मी वाटी पुढे करायची. मी विचारलं की तो मान न वळवता म्हणायचा, "तुझा नंबर आला की देतो." मग वीज जायची, किंवा जेवणाची हाक यायची, किंवा मशीन तापलंय म्हणून ते बंद करायला लागायचं. ते नेमकं माझ्या नंबराला तापायचं. अशा चार सुट्ट्या गेल्या. माझा नंबर आला नाही.

आता मी चौतीस वर्षांची आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि त्याचा मला पगार मिळतो. बिबवेवाडीहून कंपनीच्या बसने जाते-येते. म्हणजे आयुष्यातला बराचसा वेळ पुढच्या बसच्या मागे लिहिलेला मजकूर वाचण्यात जातो. माझ्याबरोबरच्यांनी या वर्षांत फ्लॅट घेतले, लग्नं केली, एकदोघांनी मोडली. मला काय हवं होतं ते मी कुणाला सांगत नव्हते, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. मला त्या खुर्चीत बसायचं होतं. गाड्यांच्या शर्यतीचा चांगला खेळ, पाऊस पडणारा, काचेवर वायपर फिरणारा, आणि समोर मोकळा रस्ता. कुणाला विचारायचं नाही, कुणाच्या मागे बसायचं नाही.

तर गेल्या वर्षी मी ठरवलं. गेमिंगचा कॉम्प्युटर, पहिलाच, बेताच्या पैशात, आणि सुटे भाग स्वतः निवडून.

एकदा हे ठरवलं की माणसाला जगातले किती लोक मूर्ख आहेत याची मोजणी करता येते. आधी ते व्हिडिओवाले. प्रत्येक जण हिंदीत ओरडत सुरुवात करतो, पहिली पाच मिनिटं स्वतःच्या खोलीतले जांभळे दिवे दाखवतो आणि शेवटी जो भाग त्याला फुकट मिळालाय तोच घ्या म्हणतो. मग ऑफिसातली पोरं. त्यांना 'बॉटलनेक' हा एक शब्द सापडलेला होता आणि तो ते मीठ भुरभुरावं तसा प्रत्येक वाक्यावर टाकत. अर्थ विचारला की एकमेकांकडे बघत. शेवटी मीच वाचून काढला. गोष्ट साधी आहे. प्रोसेसर हा विचार करणारा भाग, ग्राफिक्स कार्ड हा चित्र काढणारा. खेळात दोघांची जोडी जमायला लागते. पंगतीला आचारी चार आणि वाढपी एक असला तर भात आत गार होतो आणि लोक पानावर उपाशी बसतात. बाकी सगळी विद्वत्ता याच्या आजूबाजूला फिरते.

मी तीन महिने यादी केली. बसमध्ये बसून, वहीत, पेन्सिलीने, म्हणजे खोडता येईल. प्रोसेसर मधला. कार्ड त्याच्या तोलाचं, जरा वरचढ. रॅम पुरेशी. वीज पुरवणारा डबा, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात, तो मात्र गरजेपेक्षा थोडा मोठा, कारण तो काठावरचा घेतला तर एखाद दिवशी बाकी सगळ्यांना घेऊन जातो. दिवे नाहीत. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या आत इंद्रधनुष्य फिरवायला मला काही मांडव घालायचा नव्हता. यादी चांगली झाली होती. मी आयुष्यात फार कमी गोष्टींबद्दल असं म्हणते.

आतेभावाला बातमी लागलीच. त्याने फोन करून न विचारता सल्ला दिला, की प्रोसेसर टॉपचा घे, कार्ड काय, नंतर टाकता येतं, एकदाच पैसे घालायचे आणि फ्यूचरप्रूफ करून टाकायचं. मी हं हं म्हटलं आणि फोन ठेवला. फ्यूचरप्रूफ. या माणसाला पुढच्या चौकात वन-वे आहे हे कळत नाही, आणि तो भविष्याचा बंदोबस्त करतो.

खरं तर तो शब्द मला नवा नव्हता. आमच्या घरात तो मराठीत होता.

माझे वडील टेलर. बिबवेवाडीत त्यांचं पस्तीस वर्षं दुकान होतं, दोन-तीन शाळांच्या गणवेशांचं काम त्यांच्याकडे असायचं. जूनमध्ये आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे निळी कापडं. आणि त्या निळ्या ढिगाच्या मालकाची मुलगी शाळेत जायची ती खांद्यावरून घसरणारा गणवेश घालून. पाचवीत मला सातवीचा यायचा. कुणी विचारलं की घरातून ठरलेलं उत्तर असे, वाढत्या अंगाचा घेतलाय. मी वाढून त्यात मावायला लागेपर्यंत त्याचा रंग उडालेला असायचा, मग पुन्हा नवा, पुन्हा मोठा. पट्ट्याखाली कापडाच्या इतक्या चुण्या जमायच्या की बाकावर बसलं की टोचायच्या. मुली मला तंबू म्हणत. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण अंधारात निदान कुणाला दिसत तरी नाही. 'वाढत्या अंगाचं' हे शब्द कुठेही ऐकले की अजून माझा हात आपोआप पट्ट्याकडे जातो.

हे सगळं सांगितलं ते यासाठी, की पुढे जे झालं ते किती लाजिरवाणं होतं ते कळावं.

एका शनिवारी दुपारी मी बुधवार पेठेत गेले. गल्लीतली चार दुकानं सोडून पाचव्यात शिरले, कारण त्याच्या बाहेर जांभळे दिवे नव्हते. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. मी यादीचं पान फाडून पुढे केलं. त्याने ते न बघता विचारलं, भावासाठी का. मी नाही म्हटलं. मग मिस्टरांसाठी का. मिस्टर नाहीत म्हटलं. मग त्याने चष्मा खाली घेतला, यादी वाचली, पुन्हा वाचली, आणि यादी कुणी करून दिली ते विचारलं.

मीच केली, असं मी सांगितलं. ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजाला ऑफिसात लोक घाबरतात. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.

तो म्हणाला, "चांगली आहे. फक्त प्रोसेसर अजून एक पायरी खाली घेतलात तरी चालेल. तुम्हाला एवढा लागणार नाही. उरतील ते कार्डात घाला."

तो अगदी बरोबर बोलत होता. तीन महिन्यांच्या अभ्यासानंतर मला हे कळायला हवं होतं. पण मला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं, तुम्हाला एवढा लागणार नाही. माझ्या डोक्यात सणक गेली. याला काय माहीत मला किती लागतं ते. मी म्हटलं, खाली नको, वरचा दाखवा. त्याने एक वरचा दाखवला. मी म्हटलं, याच्याही वरचा. त्याने शांतपणे सांगितलं की मग ठरलेल्या पैशात कार्ड दोन पायऱ्या खाली येईल, आणि मग काही अर्थ नाही. आणि तेव्हा, काउंटरवर दोन्ही हात टेकून, चांगल्या खणखणीत आवाजात मी म्हणाले, "असू द्या. घ्यायचाच तर वाढत्या अंगाचा घेतलेला बरा."

वाक्य तोंडातून गेलं ते गेलंच. माझा हात पट्ट्याकडे गेला होता.

दुकानदार म्हणाला, तुमची मर्जी. पुण्यात हे दोन शब्द म्हणजे सविस्तर अभिप्राय असतो. मला तो समजला. तरीही मी मागे फिरले नाही, कारण माझी मान वाकत नाही, आणि वाकत नाही याचा मला अभिमानही आहे. मूर्खपणाला असा अभिमानाचा टेकू लागतो.

कॉम्प्युटर जोडून मिळाला. रिक्षाने घरी आणला, माझ्या खोलीत टेबलावर मांडला, नवी खुर्ची आणली होती तिच्यावर बसले. खेळ सुरू केला. पाऊस पडला, वायपर फिरला आणि मधेच थांबला. पुन्हा फिरला. गाडी चार हात पुढे गेली, थबकली, मग एकदम दहा हात पुढे उगवली. मी चित्र साधं केलं, पाऊस काढला, झाडं काढली, प्रेक्षक काढले. तरी तेच. चाललं, थांबलं, चाललं, थांबलं. दिवसाचे तीन तास मी हेच करून येत होते, आणि आता त्यासाठी साठवलेले सगळे पैसे घालून हिंजवडीचा रस्ता घरात आणला होता. कामाचा भार दाखवणारा तक्ता उघडून बघितला. प्रोसेसर जांभया देत होता आणि कार्ड धापा टाकत होतं. मी आयुष्यभर लोकांच्या चुका शोधत आले, ही शोधायला मला एक मिनिटही लागलं नाही.

रविवारी सकाळी आतेभाऊ आला. बघायला. आला तो चपला काढून सरळ माझ्या खोलीत, आणि दारातूनच म्हणाला, "ऊठ जरा, बघू."

आणि मी उठले. हे मला लिहितानाही सहन होत नाही. चौतीस वर्षांची बाई, हाताखाली सहा माणसं, आणि मी उठले. तो खुर्चीत बसला, खुर्ची खालीवर करून स्वतःच्या उंचीची केली, आणि कॅबिनेटमध्ये काय काय आहे ते विचारलं. मी प्रोसेसरचं नाव सांगितलं. तो एकदम खूश झाला.

"बघ, मी म्हटलं होतं ना, टॉपचा घे. ऐकलंस ते बरं केलंस. आता दोन वर्षांनी कार्ड टाक, बास."

जगात माझी एकच चूक अशी असेल, जिचं कुणी कौतुक केलं, आणि ते यानं करावं. तो गाडी चालवायला लागला. थबकत थबकत चालवत होता आणि त्याला काही वाटत नव्हतं, त्याने आयुष्यात काही वेगाने केलेलंच नाही. वडिलांनी स्वयंपाकघरातून चिवडा आणून माझ्या हातात दिला. तो मला देऊन ते दारातच उभे राहिले. भावाने न बघता हात मागे केला. मी वाटी पुढे केली, आणि तेव्हा मला कळलं की मी कॉटच्या कोपऱ्यावर बसले आहे.

तो गेल्यावर मी खुर्ची पुन्हा माझ्या उंचीची केली, पण बसले नाही. वडिलांनी विचारलं, काय बिघडलंय. माझे वडील कॉम्प्युटरला 'ते' म्हणतात आणि त्याच्याकडे उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघतात. त्यांना समजावणं म्हणजे वेळ घालवणं, असं मी मानत आले. पण त्या दिवशी मला कुणावर तरी ओरडायचं होतं. मी काचेचं झाकण काढून एकेक भाग दाखवला, काय कशासाठी, कुठलं मोठं झालं, कुठलं तोकडं पडलं. आणि शेवटी म्हटलं, तुमच्यामुळे झालंय हे. वाढत्या अंगाचं, वाढत्या अंगाचं ऐकून माझी अक्कल तशीच शिवली गेलीय.

ते वाकून आत बघायला लागले.

"वाढत्या अंगाचं हे टेलरचं बोलणं नाही," ते म्हणाले. "माप घ्यायचा ज्याला कंटाळा, त्याचं बोलणं आहे. कपडा अंगावर बसला पाहिजे. जास्तीचं ठेवायचं ते आत, शिवणीत. माया ठेवायची. दिसत नाही, आणि लागली की उसवून काढता येते." मग त्यांनी पॉवर सप्लायवर बोट ठेवलं. हा डबा जरा मोठा घेतलाय असं मीच मघाशी सांगितलं होतं. "ही माया. ही बरोबर ठेवलीस. बाकीचं बाहेरून ढगळ झालंय."

टेलरच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. शब्दाचा दुसरा अर्थ मला माहीत होता, पण तो आमच्या घरात फारसा वापरात नव्हता.

मी विचारलं, मग माझे गणवेश कुणी शिवले होते.

"ते तुझ्यासाठी शिवलेले नव्हतेच," वडील म्हणाले. "शाळेच्या मालातून उरलेले होते. उरतात ते मोठेच उरतात. जूनमध्ये तुझं माप घ्यायला बसलो असतो तर तेवढ्यात दारातलं गिऱ्हाईक गेलं असतं. मी गिऱ्हाईक घेतलं."

एवढं सांगून ते चहा टाकायला गेले. मला त्यांचा राग आला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तो राग नेमका कशाचा आहे ते कळलं. मोठ्या कपड्यांचा नव्हता. कुणी फीत घेऊन माझ्यासमोर बसलं नाही, याचा होता. आणि ज्या दिवशी माझं माप मी स्वतः घेतलं, तीन महिने बसमध्ये बसून, पेन्सिलीने, त्या दिवशी ते माप भर दुकानात फेकून देणारी मीच होते. हे मात्र मला आतेभावाच्या खात्यावर टाकता येईना.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा त्या दुकानात गेले. रस्ताभर मी त्या माणसाच्या तोंडची वाक्यं आणि त्यावरची माझी उत्तरं तयार करत होते. त्याने एकही वाक्य वापरलं नाही. मला बघून त्याने काउंटरच्या काचेखालून माझ्या वहीचं पान काढलं, माझ्या अक्षरातलं, आणि समोर ठेवलं.

"यादी चांगली होती," तो म्हणाला. "म्हणून फेकली नाही."

वापरलेला प्रोसेसर आणि कार्ड तो कमी भावाने परत घेणार होता. किती कमी ते त्याने सांगितलं, आणि मी घासाघीस केली नाही. गर्वाच्या मानाने मी स्वस्तात सुटले. त्याने सांगितली होती ती एक पायरी खाली मी गेले, कार्ड दोन पायऱ्या वर आलं. पॉवर सप्लाय बदलायला हवा का म्हणून मी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि तेवढं हाताशी असू द्यावं म्हणाला. मी म्हटलं, माया. त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि पावती फाडली.

घरी येऊन जोडलं. पाऊस, झाडं, प्रेक्षक सगळं परत घातलं. वायपर एकदाही न अडखळता फिरला आणि समोर रस्ता मोकळा होता. मी तासभर बसले. फार वाईट चालवते, हे त्यात कळलं. सहाव्या वळणावर दर वेळी कठड्यावर आदळते. मला त्याचं काही वाटलं नाही, कठडा माझा होता.

दोन दिवसांनी कामावरून आले तर कॉम्प्युटरवर कव्हर होतं. आमच्याकडे मिक्सरला, टीव्हीला, गॅसच्या सिलेंडरलासुद्धा कव्हर असतं, तेव्हा हे होणारच होतं. पण हे मापाचं होतं. कोपऱ्याला कोपरा बसलेला, मागे वायरींसाठी तीन काजं हाताने घातलेली, आणि पुढे शाईने लिहिलेली चिठ्ठी टाचणीने लावलेली, चालू असताना काढावे. मी उलटं करून बघितलं. शिवणीत दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं माया सोडली होती. कॉम्प्युटरला या घरात येऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते आणि त्याचं माप घेतलं गेलं होतं. मला त्याचा हेवा वाटला. मग मी कव्हर घडी करून नीट ठेवलं.

रविवारी आतेभाऊ आला. त्याला आता सवय झाली होती. चपला काढून सरळ खोलीत, माझ्या पाठीमागे उभा. पावसातली गाडी त्याने बघितली. मग म्हणाला, प्रोसेसर टॉपचा असला की असंच पळतं. मी त्याला काही सांगितलं नाही. काही माणसांचं अज्ञान दुरुस्त करणं म्हणजे त्यांच्यावर खर्च करणं.

"ऊठ जरा," तो म्हणाला.

मी वळण घेत होते, सहावं. मान न वळवता म्हणाले, "तुझा नंबर आला की देते."

मागे कॉट करकरली. तो बसला होता. मी ते वळण पहिल्यांदाच कठड्याला न लागता पार केलं. दारात वडिलांची पावलं वाजली, आणि मी न बघता हात मागे केला. वाटी माझ्या हातात आली नाही, नुसती पुढे सरकली, मला चिवडा घेता येईल एवढी. ती भावाने धरलेली होती. वडिलांनी ती त्याच्या हातात दिली होती.